म्हाताऱ्या कुत्र्याचं डोकं एकदम कललं: लकवा की नुसती भोवळ?

रात्री नीट जेवून झोपलेला १२-१३ वर्षांचा कुत्रा सकाळी उठायला जातो आणि धाडकन एका बाजूला पडतो, डोकं कललेलं, डोळे सारखे नाचतायत, लाळ गळतेय, एखादी उलटी पण झालेली. घरात पहिलं वाक्य हमखास हेच, "लकवा मारला याला." आणि तासाभरात दुसरं, "वय झालंय, आता हाल नको करायला." माझं म्हणणं एवढंच की हे दुसरं वाक्य पहिल्या दिवशी कोणीच बोलू नये, कारण या आजारांत जे दिसायला सगळ्यात भयंकर ते बरेचदा आपोआप बरं होणारं निघतं आणि जे मामुली वाटतं ते कधीकधी खरंच वाईट असतं.

असं होण्यामागची पहिली शक्यता म्हणजे कानाच्या आतल्या भागातला बिघाड. शरीराचा तोल सांभाळणारं यंत्र तिथे असतं, त्याला व्हेस्टिब्युलर सिस्टीम म्हणतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये ते काही कारण न सापडता अचानक गडबडतं. कुत्र्याला जग गरगर फिरतंय असं वाटतं, म्हणून तो पडतो, ओकतो, खात नाही. पायात ताकद असते पण, तोल तेवढा नसतो.

दुसरी म्हणजे मेंदूतला बिघाड. म्हणजे स्ट्रोक, नाहीतर गाठ, नाहीतर मेंदूला आलेली सूज. बाहेरून सुरुवात अगदी तशीच दिसू शकते, कारण कानाकडून आलेला तोलाचा निरोप शेवटी मेंदूच वाचतो ना.

मग फरक ओळखायचा कसा? डॉक्टर सगळ्यात आधी पंजे बघतात, आणि हे बघायला मला फार आवडतं कारण त्याला मशीन लागत नाही. कुत्र्याला पोटाखाली हात घालून उभं धरायचं, म्हणजे भोवळीने पडणार नाही, आणि एक पंजा उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवायची. कानाचाच प्रॉब्लेम असेल तर तो पटकन पंजा सरळ करतो. पंजा तसाच उलटा राहिला, दरवेळी राहिला, तर मेंदूकडे संशय जातो (मणक्याचा किंवा नसांचा जुना त्रास असेल तरी असं होतं, म्हणून तो आधीचा इतिहास डॉक्टरांना नक्की सांगा). डोळे आडवे किंवा गोल नाचणं दोन्हीत होऊ शकतं, पण वर-खाली नाचत असतील किंवा डोक्याची पोझिशन बदलली की दिशाच बदलत असेल तर ते बहुतेक मेंदूचं. आणि तिसरं, शुद्ध कशी आहे. कानवाला कुत्रा घाबरलेला असतो पण हाक मारली की कळतं त्याला, मेंदूवाला बऱ्याचदा सुस्त, हरवल्यासारखा.

डोळ्यांचा व्हिडिओ मात्र लगेच काढून ठेवा, दवाखान्यात पोचेपर्यंत ते नाचणं कमी झालेलं असू शकतं.

आता ट्रीटमेंट. "कारण सापडत नाही" असं म्हणायच्या आधी कान आतून बघायलाच हवेत, कारण आतल्या कानाचं इन्फेक्शन अगदी असंच दिसतं आणि त्याला औषध लागतं. रक्त, थायरॉईड, बीपी हेही. आणि मेट्रोनिडाझोल (जुलाबावर देतात ती गोळी) चालू असेल तर ते सांगा, जास्त डोस झाला की त्या गोळीनेच असा तोल जातो, ती बंद केली की कुत्रा सुधारतो. हे सगळं नॉर्मल आलं आणि पंजे-शुद्ध ठीक असतील तर मळमळीचं औषध, गरज पडली तर सलाईन, आणि वाट बघणं. साधारण ७२ तासांत सुधारणा दिसायला लागते आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्रे चालायला लागतात, डोकं थोडं कललेलं राहिलं तरी त्यांचं काही अडत नाही. तोपर्यंत घसरणार नाही अशी चटई, जिना बंद, पाणी तोंडापाशी, आणि रात्री एक छोटा दिवा, कारण तोल गेलेला प्राणी डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो.

गंमत म्हणजे स्ट्रोकची ट्रीटमेंट पण बरीचशी हीच असते, कुत्र्यांमध्ये गुठळी विरघळवायची इंजेक्शनं सहसा देत नाहीत. स्ट्रोक पहिल्या एक-दोन दिवसांनंतर सहसा वाढत नाही, हळूहळू सुधारतो, फक्त तो का झाला, म्हणजे किडनी, बीपी, कुशिंग्ज (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा आजार), हे शोधावं लागतं नाहीतर परत होऊ शकतो. दिवसागणिक वाढत जाणारं, मध्येच फिट्स येणारं, स्वभाव बदलवणारं असेल तर मात्र गाठीचा किंवा सुजेचा विचार करायचा.

एमआरआय करायचा का हा खरा अवघड प्रश्न, कारण कुत्र्याला पूर्ण भूल द्यावी लागते. मी तरी आधी स्वतःला विचारेन की गाठ निघाली तर ऑपरेशन किंवा रेडिएशन आपण करणार आहोत का. नसेल करणार तर रिपोर्टचा उपयोग कमी, पण शून्य नाही, कारण मेंदूची सूज निघाली तर औषधांनी बरीच कुत्री सुधारतात. आणि एमआरआयचा विचार असेल तर "स्टिरॉईड देऊन बघू" याला घाई करू नका, त्याने सूज किंवा लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) तात्पुरता दबतो आणि तपासणीत काहीच धड कळत नाही. स्टिरॉईडसोबत मेलॉक्सिकॅमसारखी दुखण्यावरची गोळी तर अजिबात नाही, पोटात अल्सर होऊ शकतात.

थांबायचं नाही असं एकच चित्र आहे: फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा एकामागून एक आल्या, शुद्ध जायला लागली, गिळता येईना. तेव्हा रात्र असली तरी निघा. बाकी वेळी डॉक्टरांची पहिली तपासणी झाली की तीन दिवसांची वही ठेवा, किती पावलं चालला, किती खाल्लं, डोळे किती नाचले, आणि ती घेऊन चौथ्या दिवशी परत डॉक्टरांसमोर बसा.