महासत्तांचा उदय आणि ऱ्हास

एखादे राज्य महसूल, फौज आणि पत यांच्या बळावर दूरच्या मुलखावर हुकूम चालवू लागते आणि पुढे तोच पसारा सांभाळण्याचा खर्च न झेपून मागे पडते, ती प्रक्रिया. स्पेन आणि ब्रिटन ही तिची नेहमीची उदाहरणे. नागपूरकराला मात्र एवढ्या लांब जायची गरज नाही. गोंडांचा जुम्मा तलाव, भोसल्यांचे महाल आणि इंग्रजांचा सीताबर्डीचा किल्ला पायी हिंडून पाहता येतात.

उदयाची सुरुवात बहुधा दुसऱ्याच्या घरातील भांडणाने होते. नागपूरचा गोंड राजा चांद सुलतान १७३९ च्या सुमारास वारला, गोंड गादीसाठी तंटा लागला आणि राणीच्या मदतीला आलेले पहिले रघूजी भोसले काही वर्षांतच इथले धनी झाले. गोंड राजा नावापुरता गादीवर राहिला. बंगालवरील स्वाऱ्यांनंतर १७५१ च्या तहाने ओडिशा आणि चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये पदरात पडले.

चौदाव्या शतकातील अरब विचारवंत इब्न खल्दून म्हणतो, की सत्ता मिळवून देणारी एकजूट राजधानीच्या सुखात विरत जाते आणि चौथ्या पिढीपर्यंत घराणे संपते. नागपूरला हा हिशेब चपखल बसतो: १८१७ साली मारले गेलेले परसोजी हे पहिल्या रघूजींचे पणतू. पण पिढ्या मोजून पैशाचा प्रश्न सुटत नाही. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक इंग्रजांकडे आणि वर्धा नदीपलीकडचे वऱ्हाड निजामाकडे गेले. मुलूख गेला, खर्च मात्र तसाच राहिला. ती तूट दुसऱ्या रघूजींनी उरलेल्या रयतेकडून वसूल केली, इतकी की लोक आपल्या राजाला ‘बडा बनिया’ म्हणू लागले. राजाला असे टोपणनाव पडते, तेव्हा ऱ्हास खजिन्यातून लोकांच्या मनात शिरलेला असतो.

पुढचे सगळे झटपट झाले. आपले आसन पक्के करण्यासाठी परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांनी १८१६ साली कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. म्हणजे गोंडांच्या घरात रघूजी जसे शिरले, तशीच कंपनी भोसल्यांच्या घरात शिरली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवरील कंपनीची लहानशी तुकडी भोसल्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला हटली नाही. तिच्यामागे कलकत्त्याची पत आणि वेळेवर होणारा पगार होता, हे लढाईच्या वर्णनांत क्वचितच येते. तिसरे रघूजी १८५३ साली निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले.

इंग्रजांचा ऱ्हासही हिशेबाच्या वहीत दिसतो. सोळाव्या शतकात अमेरिकेची चांदी येत असतानाही स्पेनच्या राजाने युद्धखर्चापायी अनेकदा दिवाळे काढले होते. दोन महायुद्धांनी ब्रिटनची तीच गत केली. १९४५ अखेर ब्रिटन भारताचेच सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होता. पैशाइतकाच धाकही ओसरला होता: १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नुसता झेंडा घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्यांना पकडता पकडता नागपूरचे तुरुंग भरले.

व्हिक्टोरिया ‘भारताची सम्राज्ञी’ झाल्याची घोषणा १ जानेवारी १८७७ ला झाली, त्याच दिवशी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पदवी १९४८ मध्ये गेली. मिल त्यानंतरही पन्नासेक वर्षे टिकली. त्या जागेवर आता एम्प्रेस मॉल आहे.