पार्श्वभूमी: मटक्याची चिठ्ठी आणि लॉटरीचं कलम

कोल्हापुरातल्या मटक्याच्या फिर्यादींत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘बेकायदा, बिगरपरवाना, स्वतःच्या फायद्याकरिता जुगार खेळवीत असता मिळून आला’. मुद्देमालात चिठ्ठ्यांचं पुस्तक, कार्बन, बॉलपेन, थोडी रोकड आणि हल्ली मोबाइल. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात खटला उभा राहिला की घोडं अडतं ते या मिळून आलेल्या वस्तूंनी नेमकं काय शाबीत होतं, यावर.

खासगी लॉटरीवर कंपनी सरकारनं 1844 सालीच बंदी घातली होती. 1870 मध्ये दंड संहितेत कलम 294(अ) आलं. सरकारी मान्यता नसलेल्या लॉटरीची सोडत काढायला जागा ठेवली तर 6 महिन्यांपर्यंत कैद आणि तिची जाहिरात केली तर 1,000 रुपयांपर्यंत दंड. जुगारासाठी मुंबई इलाख्यात 1887 चा वेगळा कायदा झाला आणि त्यानं जुगाराच्या व्याख्येतून लॉटरी वगळली. गोम इथंच आहे. आरोपपत्रात कलम चुकलं तर पुरावा कितीही असो, तो भलत्याच गुन्ह्याचा ठरतो.

1887 चा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं जुगाराची खोली होती. कलम 6 प्रमाणे वॉरंट घेऊन झडती झाली आणि साधनं सापडली, तर ती जागा अड्डा आहे असं कलम 7 गृहीत धरतं. तसं नाही हे आरोपीनं दाखवायचं. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं. पुढं दहा-बारा वर्षांत मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या दरांवर चालणारा सट्टा बंद पडला आणि त्याच्या जागी मडक्यातल्या चिठ्ठ्या, मग पत्ते आले. तीन पानं काढायची, बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. 3, 6, 9 म्हणजे 18, म्हणून ओपन, म्हणजे पहिल्या सोडतीचा अंक, 8. क्लोजचा, म्हणजे दुसऱ्या सोडतीचा अंक तसाच, आणि दोन्ही मिळून जोडी. या खेळाला खोली लागत नाही, टपरीचा आडोसा पुरतो. मग कलम लागतं उघड्यावरच्या जुगाराचं, 12(अ), आणि कलम 7 चं गृहीतक हातून जातं.

चिठ्ठीवर ‘48 – 20’ एवढंच असतं. पोलिसांच्या मते अठ्ठेचाळीसच्या जोडीवर वीस रुपये. आरोपीचा वकील म्हणतो, अंड्यांचा हिशेब. म्हणून बनावट गिऱ्हाईक पाठवायचं, नोटांचे नंबर आधी पंचनाम्यात घ्यायचे, आणि पंच टिकवायचे. ‘सही माझी आहे, मजकूर वाचून दाखवला नव्हता,’ एवढ्या एका उत्तरानं सगळं ढासळतं. ठाण्याच्या दारातले ठरलेले पंच आणले तर ते ठरलेले आहेत, हेच उलटतपासणीत बाहेर येतं.

लॉटरीचं प्रकरण याहून किचकट. 1969 पासून राज्याची स्वतःचीच लॉटरी आहे, त्यामुळं तिकीट विकणं एवढ्यानं गुन्हा होत नाही. पैसे घेतले, बक्षीस ठेवलं, निकाल निव्वळ नशिबावर होता आणि मान्यता नव्हती, हे चारही दुवे जोडावे लागतात. 1998 च्या केंद्रीय कायद्यानं एक अंकी आणि आधी जाहीर केलेल्या क्रमांकावरची बक्षिसं बंद केली. या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा 2 वर्षांपर्यंत. पण ‘ऑनलाइन लॉटरी’ची पाटी लावलेल्या गाळ्यात सापडतो तो संगणक आणि छापील पावत्या. निकाल कुठल्या सर्व्हरवरून आला हे दाखवायचं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं; पूर्वी ते कलम 65(ब) चं होतं, आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं.

1 जुलै 2024 पासून 294(अ) च्या जागी न्याय संहितेचं कलम 297 आहे. टोळीनं चालवलेला अनधिकृत जुगार कलम 112 खाली 1 ते 7 वर्षांच्या शिक्षेला पात्र, मात्र टोळी होती हेही सिद्ध करावं लागतं. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. कारवाई रद्द करून घ्यायला पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. चित्रीकरणामुळं ‘मी तिथं नव्हतो’ म्हणणं पंचाला जड जाईल. ‘48 – 20’ म्हणजे काय, हे मात्र त्या चित्रीकरणात दिसत नाही.