चिंतन, मनन, ध्यान: शब्दांची अदलाबदल कशी झाली

डोळे मिटून शांत बसणं काय असतं ते सगळ्यांना माहितीये, ते सोडून देतो. खरी अडचण शब्दांची आहे. इंग्रजीतल्या कॉन्टेम्प्लेशनला आपण चिंतन म्हणतो आणि मेडिटेशनला ध्यान, पण हे शब्द ज्या ख्रिस्ती मठांमधून आले तिथे अर्थ जवळजवळ उलटे होते.

12व्या शतकात फ्रान्समधल्या एका मठवासी साधूने साधनेची चार पायऱ्यांची शिडी मांडली, वाचन, मग मेडिटेशन, मग प्रार्थना आणि सगळ्यात वर कॉन्टेम्प्लेशन. त्यात मेडिटेशन म्हणजे वाचलेलं मनात घोळवत राहणं, डोकं लावून अर्थ शोधणं, म्हणजे सरळसरळ आपलं मनन. आणि कॉन्टेम्प्लेशन म्हणजे हा शोध थांबतो आणि माणूस नुसता देवापुढे असतो. आता बृहदारण्यक उपनिषदातलं श्रवण, मनन, निदिध्यासन (म्हणजे मनन झालेल्या गोष्टीत मन स्थिर करणं) शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकच आहेत असं नाही, पण विचार कुठे संपतो ती जागा दोन्हीकडे स्पष्ट आखलेली आहे.

पुढे पाली-संस्कृत ग्रंथ इंग्रजीत जायला लागले आणि ध्यानासाठी मेडिटेशन हा शब्द रूढ झाला. योगसूत्रांत ध्यान म्हणजे एकाच प्रत्ययाचा, म्हणजे मनातल्या एकाच जाणिवेचा, अखंड प्रवाह, त्यात विचार करत बसणं नाहीच! कॉन्टेम्प्लेशनला ईश्वरकृपेचा अर्थ चिकटलेला होता आणि बौद्ध ग्रंथांना तो चालला नसता हे मान्य, तरी मला ही निवड चुकीचीच वाटते, कारण मेडिटेशन हा शब्द ध्यान याच अर्थाने परत आपल्याकडे आला आणि चिंतनाच्या वाट्याला कॉन्टेम्प्लेशन आलं, जे मुळात चिंतन संपल्यावरचं होतं.

1970 च्या दशकात अमेरिकेतल्या काही साधूंनी जुनी मौन प्रार्थना सामान्य माणसाला जमेल अशी सोपी केली. 1979 मधे तिथेच एका हॉस्पिटलात जुनाट दुखण्याच्या पेशंट्ससाठी धर्म बाजूला ठेवून ध्यानाचा कोर्स सुरू झाला, तोच पुढे 8 आठवड्यांचा म्हणून जगभर गेला. 1989 मधे कॅथलिक चर्चने पत्र काढून पूर्वेकडच्या पद्धती प्रार्थनेत सरसकट मिसळू नका असं बजावलं, पूर्ण बंदी मात्र घातली नाही. 2024 मधे 21 डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरला, आणि त्याच्या इंग्रजी नावात मेडिटेशनच आहे.