७४१ च्या पोटातले ३० पिकोफॅरड

७४१ हा ऑप-अॅम्प, म्हणजे सिग्नल प्रचंड वाढवणारी अॅम्प्लिफायर चिप; तिच्या आतल्या ३० पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरची ही गोष्ट. निगेटिव्ह फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत देण्याची, कल्पना हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये, बेल लॅब्जमध्ये असताना सुचली. थोडा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) सोडून दिला की विकृती कमी होते, हे कळायला सोपे. पण लूप जोडताच अॅम्प्लिफायर शिट्टी मारू लागे. प्रत्येक टप्प्यात फेज (लहरीची वेळेतली स्थिती) थोडी मागे पडते. ही पिछाडी १८० अंशांवर पोचली तरी लूप गेन (लूपच्या एका फेरीतली वाढ) १ च्या वरच असेल, तर निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होऊन बसतो. हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये याची नेमकी कसोटी मांडली.

तरीही चिपवर ही शिट्टी रोखायचे ओझे बराच काळ वापरणाऱ्याच्याच डोक्यावर होते. बॉब विडलर यांचा ७०९ हा ऑप-अॅम्प (१९६५) गेन १ वर चालवायचा, तर एकीकडे १.५ किलोओहम व ५,००० पिकोफॅरड आणि आउटपुटकडे २०० पिकोफॅरड लावावे लागत. गेन १० साठी कॅपॅसिटर ५०० आणि २० पिकोफॅरडचे. गेन १० चे सर्किट तसेच ठेवून गेन १ वर आणले, की ऑसिलेशन, म्हणजे तीच शिट्टी, ठरलेले.

विडलर यांनीच १९६७ मध्ये एलएम १०१ मध्ये गेनचे टप्पे दोनवर आणले; मग बाहेर एकच ३० पिकोफॅरड पुरला. १९६८ मध्ये डेव्ह फुल्लागार यांनी तो ७४१ च्या आतच घातला. इतका छोटा कॅपॅसिटर पुरतो तो मिलर परिणामामुळे: दुसऱ्या टप्प्याच्या आउटपुट-इनपुटमध्ये जोडल्याने तो त्या टप्प्याच्या गेनइतक्या पटीने मोठा भासतो. शिवाय पहिला पोल (ज्या फ्रिक्वेन्सीपासून गेन घसरू लागतो ती) खाली सरकतो तसा दुसरा वर ढकलला जातो, हा खरा फायदा.

किंमत मात्र मोजावी लागली. सुमारे २ लाखांचा ओपन लूप (फीडबॅकशिवायचा) गेन ५ हर्ट्झपासूनच घसरू लागतो आणि १ मेगाहर्ट्झला १ वर येतो. त्यापुढे जाणे अवघडच होते, कारण आतले लॅटरल (चिपवर आडवे बनवलेले) पीएनपी ट्रान्झिस्टर मुळातच मंद. पहिला टप्पा कॅपॅसिटरला जेमतेम १५ मायक्रोअँपिअर देतो. भागिले ३० पिकोफॅरड, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. मोठ्या साइन वेव्हचा त्रिकोण होतो तो यामुळेच. फेज मार्जिनला (फेजची पिछाडी १८० अंशांपासून किती दूर आहे त्याला) त्यात दोष नाही.

आतल्या कॅपॅसिटरला आउटपुटवर लोंबणारी लांब केबल दिसत नाही. तिची कपॅसिटन्स आणि सुमारे ७५ ओहमचा आउटपुट रेझिस्टन्स मिळून आणखी एक पोल तयार होतो आणि फेज आणखी मागे पडते. त्यावर साधा इलाज म्हणजे फीडबॅकची तार ऑप-अॅम्पच्या पिनवरूनच घेऊन तिच्यापुढे, केबलच्या आधी, ५० ते १०० ओहम सिरीजमध्ये टाकणे.