सोलरच्या टाकीतले काळे मेण: त्यात ग्राफाइट कशासाठी?

नमुन्याचा कापलेला ठोकळा हातात दिला की बहुतेकांचा प्रश्न ठरलेला: "मेण पांढरे असते ना, मग हे काळेकुट्ट कसे?" बोटाला काळे लागते ते ग्राफाइट, कार्बनचाच एक प्रकार. पेन्सिलीच्या शिशात असते तेच.

आमच्या सोलर वॉटर हीटरच्या टाकीतल्या बंद डब्यांत सुमारे ५८ अंशांना वितळणारे पॅराफिन मेण असते. दुपारी पाणी त्याहून गरम झाले की मेण वितळते आणि वितळताना उष्णता सामावून घेते. पाणी निवू लागले की ते गोठते आणि घेतलेली उष्णता परत देते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. एक किलो मेणात अशी साधारण २०० किलोज्यूल उष्णता मावते. तेवढीच एक किलो पाण्यात भरायची तर पाणी जवळपास ४८ अंशांनी तापवावे लागेल.

साठवायला मेण उत्तम, पण द्यायला फार चेंगट. त्याची उष्णतावाहकता ०.२ वॅट प्रति मीटर-केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या एक तृतीयांश. तांब्याची ४०० च्या घरात. सकाळी नळ सोडला, टाकीत थंड पाणी आले की डब्याच्या पत्र्यालगतचे मेण आधी गोठते, तूप भांड्याच्या कडेने थिजते तसे. हा थर जाड होत जातो, तसतशी आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी उरकतात आणि डब्याच्या मधोमध मेण अजून पातळच असते. भरलेली उष्णता वेळेला मिळाली नाही, तर तिचा काय उपयोग?

म्हणून आम्ही फुगवलेले ग्राफाइट वापरतो. पापुद्र्यांचे नैसर्गिक ग्राफाइट गंधकाम्लात मुरवून ९०० अंशांच्या आसपास झटकन तापवले की पापुद्र्यांत शिरलेल्या आम्लाचा वायू होतो आणि कण शंभरपटीहून अधिक फुलतो. भिंगाखाली पाहिले तर अळीसारखा लांबट, आत सगळी पोकळी. वितळलेले मेण तो शोषून घेतो, आणि हे कण एकमेकांना टेकून डब्यात इकडून तिकडे उष्णता झटपट वाहून नेणारी कार्बनची सलग वाट तयार होते. वजनाने दहा टक्के मिसळल्यास वाहकता साधारण चौपट झाल्याचे प्रयोगशाळांतल्या मोजमापांत दिसले आहे. शिवाय पातळ झालेले मेण पोकळ्यांतच धरून राहते, त्यामुळे डब्याला बारीक चीर गेली तरी गळती कमी.

याची किंमत मोजावी लागते. ग्राफाइट वितळत नाही, म्हणजे त्याच्या वाट्याची साठवण गेली. २० किलो शुद्ध मेणात ४,००० किलोज्यूल मावतात. दहा टक्के ग्राफाइट घातले की ३,६००, म्हणजे बरोबर एक युनिट विजेइतके. २० अंशांचे पाणी ४० वर न्यायचे तर त्यात ४३ लिटर, दोन बादल्या आणि वर थोडे. कोणी विक्रेता "आमच्यात ग्राफाइट जास्त" म्हणाला, तर मेण किती उरले ते जरूर विचारा.

कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, यांबद्दलही विचारणा होते. उष्णता वाहून नेण्यात एकटी नळी तांब्यालाही मागे टाकते हे खरे. मेणात मात्र नळी ते नळी प्रत्येक सांध्यावर उष्णता अडते, त्यांच्या गुठळ्या होतात, आणि भाव ऐकून आंघोळच नको वाटेल.

डबा हलवल्यावर आत मोकळी जागा जाणवेल. माल कमी भरलेला नाही. वितळताना मेण दहा टक्क्यांहून अधिक फुगते, त्यासाठी ती सोडलेली आहे. डब्याला स्वतः भोक पाडू नका, वेल्डिंग तर मुळीच नको, कारण मेण पेट घेते. ग्राफाइटमधून वीजही वाहते. गळालेले काळे मेण हीटरच्या जोडणीपाशी दिसले तर आधी मेन स्विच बंद करा, मग आम्हाला कळवा.

पावसाळ्यात पाणी ५८ अंशांना पोहोचत नाही, तेव्हा मेण वितळत नाही आणि डबे जवळजवळ नुसती जागा अडवतात. तुमच्याकडे असे ढगाळ महिने जास्त असतील, तर साधी, थोडी मोठी टाकीच घ्या. ती स्वस्तही पडते.