दुकान एकाचं, मतं दुसऱ्याची

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधे एक उत्तर हमखास पाठ असतं, बाजार खुला झाला की मध्यमवर्ग वाढतो आणि मागोमाग लोकशाही येते. पुण्यात हे लगेच पटतं, १९९१ नंतर हिंजवडी उभी राहिली आणि निवडणुकाही होत राहिल्या. पण आपल्याकडे मतपेटी आधी आली, बाजार चाळीसेक वर्षांनी उघडला, हे आपण सोयीस्कर विसरतो.

जिथे पैसा एका समाजाकडे आणि मतं दुसऱ्याकडे, तिथे तर हे उत्तर आणखीच अडखळतं. मलेशियाचं बघा. सत्ता मलाय नेत्यांच्या हातात आणि पैसा परकीय कंपन्या नि चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांकडे. निवडणुकीनंतर १३ मे १९६९ ला क्वालालंपूरमधे मलाय-चिनी दंगल पेटली, संसद बंद पडली ती १९७१ पर्यंत. त्याच वर्षी नवं आर्थिक धोरण आलं, कंपन्यांच्या भांडवलात अडीच टक्क्यांच्याही आत असलेला भूमिपुत्रांचा, म्हणजे मुख्यतः मलाय लोकांचा वाटा १९९० पर्यंत ३० टक्क्यांवर न्यायचा. (हो, तिकडचा शब्दही भूमिपुत्रच, पुणेकराला वेगळा समजवायला नको.) आणि मग १९७२ मधे पेनांगला करमुक्त क्षेत्र काढून इंटेलसारख्या कंपन्या आणल्या. सरकारला हे फार सोयीचं पडलं, कारण परदेशी कारखाना गावाकडच्या मलाय मुलींना नोकरी देतो, देशातल्या चिनी शेठसारखा राजकारणात वजन मागत नाही, आणि युनियन दाबून ठेवली की तोही खूश.

श्रीलंकेत पंतप्रधान जयवर्धने यांनी १९७७ मधे बाजार उघडला, दक्षिण आशियात सगळ्यात आधी, आणि पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना आणून सगळी सूत्रं राष्ट्राध्यक्षाकडे. १९८२ ला संसदेची निवडणूकच सार्वमत घेऊन टाळली. जुलै १९८३ मधे कोलंबोत तमिळांची दुकानं, कारखाने जाळले गेले. सिंहली-तमिळ भांडण जुनंच, १९५६ च्या सिंहली भाषा कायद्यापासूनचं, पण बाजार उघडल्याने ते विझलं नाही एवढं नक्की.

इंडोनेशियात गाडी उलटीच. चिनी वंशाच्या मोजक्या उद्योगपतींना हाताशी धरून राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी तीस वर्षं काढली. १९९७ ला तिथलं चलन रुपिया कोसळलं, मे १९९८ मधे इंधनाचे भाव वाढले, जकार्तात चिनी वस्त्या जळाल्या आणि २१ मेला सुहार्तो गेले. म्हणजे लोकशाही आली ती भरभराटीतून नाही, दिवाळखोरीतून. मलेशियाने त्याच संकटात १ सप्टेंबर १९९८ ला परदेशी पैशाची दारं लावली, दुसऱ्या दिवशी उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांना मंत्रिमंडळातून काढलं, आणि तीच सत्ताधारी आघाडी २०१८ पर्यंत सत्तेत राहिली.