ताजिक फलक : दैवाला जाब विचारणारे गाणे आणि शोकावरचा कायदा

डिसेंबर 2021 मध्ये ताजिकिस्तानच्या ‘फलक’ या गायनप्रकाराची युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. बुखाऱ्याच्या दरबारात घडलेले शशमकाम हे अभिजात संगीत त्या यादीत 2008 पासूनच होते, उझबेकिस्तानबरोबर सामाईक. फलकची जातकुळी निराळी आहे. कुलोब, रश्त (जुने करातेगिन) आणि बदख्शानच्या डोंगरांतल्या गुराख्यांचे, शेतकऱ्यांचे, घरात राबणाऱ्या बायकांचे हे गाणे. फलक म्हणजे आकाश आणि दैवही. चार ओळींच्या कडव्यांत गाणारा त्या दैवालाच जाब विचारतो: आईपासून का तोडलेस, लेकराला परमुलखात का धाडलेस. सूर सुरुवातीलाच उंच लागतो, लांबवर ताणला जातो आणि मग जवळजवळच्या स्वरांवरून खाली उतरतो. साथीला दोन तारांचा दुंब्राक किंवा गजाने वाजवायचे घिजक. डोंगरात घिजकचा भोपळा म्हणून पत्र्याचा डबाही चालतो. साथ नसली तरी गाणे अडत नाही.

फलकच्या प्राचीनतेबद्दल पुष्कळ लिहिले जाते. आज कानावर पडणाऱ्या फलकवर मात्र ठसा आहे तो विसाव्या शतकाचा आणि त्या शतकातल्या ताटातुटींचा. 1929 मध्ये ताजिकिस्तान सोव्हिएत संघातले वेगळे प्रजासत्ताक झाले. त्याच सुमारास डोंगरातल्या गावांना खाली वख्श खोऱ्यात कापूस पिकवायला नेणे सुरू झाले आणि ते पुढे अनेक दशके चालले. 1970-71 मध्ये तर यग्नोब खोऱ्यातली माणसे हेलिकॉप्टरने उचलून जफराबादच्या रखरखीत मैदानात आणून टाकली. घर, कुरण, पूर्वजांच्या कबरी मागे राहिल्या. फलकमधला ‘वतन’ हा असा, नावानिशी ठाऊक असलेला गाव असतो.

या काळात लोकगायन मंचावरही गेले. 1941 आणि 1957 मध्ये मॉस्कोत ताजिक कलांचे दशदिवसीय महोत्सव झाले. गायक गटाने उभे राहू लागले, पोशाख एकसारखे झाले, गाण्यांची लांबी ठरली. दैवाला दोष देणारे गाणे उज्ज्वल भविष्याच्या घोषणांशी फारसे जुळत नव्हते; आनंदाची, कापणीची, सणाची गाणी पुढे बसली. फलक घराघरांत गायले जात राहिले. 1992 ते 1997 च्या यादवी युद्धानंतर कुलोबकडचे लोक सत्तेत पक्के झाले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे गाणेही राजधानी दुशान्बेत प्रतिष्ठेला पोहोचले. आता 10 ऑक्टोबर हा ‘फलक दिन’ म्हणून साजरा होतो.

इथपर्यंतची हकीकत गौरवाची वाटते. पण फलकचा मान वाढत असताना दुसऱ्या बाजूने काय घडले, ते नीट पाहायला हवे.

जून 2007 मध्ये परंपरा, समारंभ आणि विधी यांचे नियमन करणारा कायदा आला. लग्नाला जास्तीत जास्त 150 पाहुणे, समारंभ 3 तासांत आटोपायचा. सुंता, बारसे, दिवसकार्य या सगळ्यांना मर्यादा. कारण खरे होते. लग्नापायी आणि मयतीच्या जेवणावळींपायी गरीब कुटुंबे कर्जात बुडत होती. मुलाने रशियात वर्षभर बांधकामावर राबून आणलेला पैसा एका दिवसात संपत होता. त्यामुळे पुष्कळ लोकांनी, विशेषतः तरुणांनी, कायद्याचे मनापासून स्वागत केले, आणि ते चूक म्हणता येणार नाही.

अडचण आहे ती 2017 च्या दुरुस्तीत. तिने खर्चाच्या पलीकडे जाऊन शोक कसा करावा यालाच हात घातला. अंत्यविधीत काळे कपडे घालणे, मोठ्याने आक्रोश करणे, विलाप करणाऱ्या बायकांना बोलावणे, हे सारे निषिद्ध ठरले. समर्थकांचा युक्तिवाद असा की हे दिखाऊ रडणे आहे आणि धर्मालाही ते मान्य नाही. पण मयताच्या घरी येऊन विलाप गाणारी बाई रडण्याचे नाटक करत नसते. गेलेल्याचे नाव, त्याचे काम, मागे राहिलेली मुले हे सगळे ती ओळींत गुंफते, आणि ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाहीत त्यांना रडायला वाट करून देते. बदख्शानातल्या शुघनानकडे बायका ‘दर्गिलिक’ नावाची विरहाची गाणी गातात. तिथल्या इस्माइली (शिया मुस्लिमांतला एक पंथ) घरांत मृत्यूनंतर दिवा उजळण्याच्या विधीत रबाब आणि डफावर मद्दोह हे भक्तिगायन होते. विलाप, दर्गिलिक आणि फलक एकमेकांना लागूनच आहेत. तेच दैव, तीच तक्रार, पुष्कळदा गळाही तोच. त्यातला एक तुकडा उचलून राष्ट्राचे भूषण करायचा आणि त्याच्या शेजारचा गैर ठरवायचा, हे फलकच्या मुळावर येणारे आहे. महोत्सवात दहा मिनिटांचे फलक शिकवता येते. पण कोणासाठी गायचे, कुठे थांबायचे, ऐकणाऱ्याच्या दुःखाला किती जागा द्यायची, ही जाण फक्त घरात, वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून येते.

लग्नाच्या 3 तासांचाही परिणाम आहेच. पूर्वी रात्र चढत गेली की नाचाची गाणी ओसरत आणि जाणते लोक एखाद्या गायकाला फलकची फर्माईश करत. दुंब्राकवर चालणारे ‘गुरुग्ली’ हे वीरकाव्य तर रात्रच्या रात्र चाले. आखडलेल्या वेळेत ध्वनिवर्धक आणि कीबोर्डच पुढे येतात.

दुसरीकडे स्थलांतराने फलकला नवे श्रोते दिले. रशियातून येणारा पैसा काही वर्षी देशाच्या सकल उत्पादनाच्या एक तृतीयांशाहून जास्त होता. इतकी माणसे घराबाहेर असताना ‘गरीबी’ची, म्हणजे परमुलखातल्या एकटेपणाची, गाणी मोबाइलवरून दोन्ही दिशांनी फिरतात.

2021 ची नोंद एकट्या ताजिकिस्तानच्या नावावर आहे. फलक मात्र ताजिकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यामधल्या पंज नदीच्या दोन्ही काठांवर गायले जाते. 1895 च्या रशिया-ब्रिटन कराराने ती नदी सरहद्द झाली आणि बदख्शानचे दोन भाग पडले. नोंद होण्याच्या चारच महिने आधी काबूलमध्ये तालिबानची सत्ता आली, आणि तेव्हापासून अफगाण बदख्शानात जाहीर गाण्या-वाजवण्यावर निर्बंध आहेत.